उन्हाळी सुटी, मुलांचे गणित आणि घरचा हिशेब

पूर्वी दिवेलागण झाली की घरोघरी मुलांचा परवचा सुरू होत असे. शुभंकरोती आटोपले की पाढे, आणि पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची माळ. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, हे आजच्या अनेक पालकांनाही सांगावे लागेल. रुपयाचे सोळा आणे आणि पायलीचे चार शेर होते तोवर या पाठांतराचा रोजच्या व्यवहारात उपयोग होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग दशमान वजने-मापे आली आणि पावकी-औटकीचे प्रयोजन उरले नाही. ती गेली याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट नकळत गेली. परवच्याला सुटी नसे. शाळा मे महिन्यात बंद असली तरी संध्याकाळ होत असे आणि अंकांशी रोजची भेट चुकत नसे.

आज आपल्या राज्यातील प्राथमिक शाळा मे महिन्याच्या आरंभी बंद होतात आणि साधारण जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्या त्याहून उशिरा उघडतात. सहा-सात आठवड्यांच्या या काळात मुलाचे वाचन सर्वस्वी थांबत नाही. दुकानांच्या पाट्या, एस.टी.वरील गावांची नावे, लग्नपत्रिका, मोबाइलवरील मजकूर असे काही ना काही त्याच्या डोळ्यांखालून जात असते. कागदावर मांडलेली वजाबाकी किंवा भागाकार मात्र या काळात त्याला कोठेही आपोआप भेटत नाही. जूनमध्ये वर्गात उभे राहिल्यावर शिक्षकांना याचा प्रत्यय येतो. एप्रिलमध्ये भागाकार करणारा विद्यार्थी फळ्यापुढे खडू घेऊन थांबतो, आणि मागील इयत्तेचा भाग पुन्हा शिकविण्यात नव्या वर्षाचे पहिले काही आठवडे जातात.

या घसरणीचा अभ्यास अमेरिकेत पुष्कळ झाला आहे. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. उन्हाळी सुटीनंतर मुलांची गुणवत्ता सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जाते, ही घट वाचनापेक्षा गणितात अधिक असते आणि गणितातही ती प्रत्यक्ष आकडेमोडीत विशेष दिसते, असे त्यांना आढळले. पुढील काळात काही संशोधकांनी या मोजमापांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत. शिवाय तेथील सुटी आपल्याहून लांब असते. म्हणून महिन्याचा तो आकडा आपण जसाच्या तसा उचलू नये. मात्र आपल्या देशातही एका दीर्घ खंडाचा अनुभव ताजा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. इयत्ता दुसरी ते सहावीतील सरासरी ८२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी अवगत असलेले गणितातील किमान एक कौशल्य गमावले होते. भाषेच्या बाबतीत हे प्रमाण ९२ टक्के होते. तेव्हा विसर फक्त गणिताचा पडतो असे म्हणता येणार नाही. पण गणिताची रचना अशी आहे की खालची पायरी निसटली तर वरची चढताच येत नाही. आपल्या राज्यात २०२१ साली त्यासाठीच ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम योजावा लागला. वर्षभराचा तो खंड आणि सहा आठवड्यांची सुटी यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. परंतु विसरण्याची वाट दोहोंची एकच आहे.

नेमके काय विसरले जाते?

मुलाला पाचशे म्हणजे काय हे सुटीत विसरायला होत नाही. वजाबाकी म्हणजे काढून घेणे, हेही त्याच्या ध्यानात असते. विसरते ती रीत. ५०३ मधून २६७ वजा करावयाचे आहेत. तीनातून सात जात नाहीत, शेजारी दशकाच्या घरी शून्य आहे, म्हणून शतकाकडे जावयाचे, एक शतक सुटे करून दहा दशक करावयाचे, त्यातील एक दशक पुन्हा सुटे करावयाचे. ही दोन टप्प्यांची उसनवारी सराव तुटला की सर्वप्रथम निसटते. मग मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा सोपा मार्ग धरते : सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. उत्तर येते ३६४. खरे उत्तर २३६ आहे. ही चूक आळसाची नव्हे. प्रत्येक स्थानी त्या मुलाने वजाबाकी केलेलीच आहे. संख्या म्हणून त्या आकड्यांकडे पाहणे तेवढे सुटले आहे.

'असर' या ग्रामीण पाहणीत उसनवारीची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे या दोन कसोट्या अनेक वर्षे वापरल्या जातात. देशभरातील ग्रामीण भागात इयत्ता तिसरीतील किमान वजाबाकी करू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये २५.९ टक्के होते आणि २०२४ मध्ये ते ३३.७ टक्के झाले. सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही तिसरीतील तीन मुलांपैकी दोघांची ही वजाबाकी वर्षाच्या मध्यावरही कच्ची असते, हा त्याचाच दुसरा अर्थ आहे. ज्याचे कौशल्य नुकतेच रुजू लागले आहे त्याला सहा आठवड्यांचा खंड सर्वाधिक महाग पडतो.

बाजारातला हिशेब आणि वहीतला हिशेब

आता हेच ५०३ आणि २६७ बाजारात न्यावे. गिऱ्हाइकाने २६७ रुपयांचा माल घेतला, ५०३ रुपये दिले, परत किती द्यावयाचे? भाजीवाल्या बाईंच्या शेजारी बसलेले दहा वर्षांचे मूल उसनवारी करीत नाही. ते म्हणते, २६७ ला तीन दिले की २७०, त्यावर तीस दिले की ३००, त्यावर दोनशे दिले की ५००, वरचे तीन राहिले. एकूण २३६. कागद नाही, पेन्सिल नाही, चूक नाही.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ व फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्या कॅराहर व सहकाऱ्यांनी केला व तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या प्रश्नांना या मुलांनी सुमारे ९८ टक्के बरोबर उत्तरे दिली. तेच आकडे नुसती उदाहरणे म्हणून पुढे ठेवले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. प्रश्नाला गोष्टीचे रूप दिले तेव्हा ते ७४ टक्क्यांच्या आसपास गेले. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळली. त्यांतील बहुतेक मुले शाळेत जात होती अथवा जाऊन आलेली होती. याउलट बाजारात काम न करणारी शाळकरी मुले वहीतील उदाहरणे अधिक बरी सोडवीत होती, पण बाजारातील व्यवहार त्यांना जमेना. दोन्ही ठिकाणी बेरीज-वजाबाकी तीच होती. एका जागचे ज्ञान दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे त्यातून दिसते.

सुटीच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. "मुलाला दुकानात पाठवा, गणित आपोआप पक्के होईल" असा सल्ला आपण सर्रास देतो. तो अपुरा आहे. त्याचप्रमाणे खोलीत बसवून रोज पन्नास उदाहरणे लिहून घेतल्यानेही काम अर्धेच होते. सुटीत दोन्ही हिशेब एकमेकांस भेटविता येतात, आणि ते काम शाळेपेक्षा घरी अधिक सहज होते. रीत साधी आहे. व्यवहार घडला की उत्तर प्रथम तोंडी काढावे. मग ते कसे काढले हे मुलाने शंभर पानी वहीत आपल्या शब्दांत व आकड्यांत उतरवावे. त्याखाली शाळेच्या रीतीने तेच उदाहरण मांडावे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. जुळली नाहीत तर कोणते चुकले हे मोठ्यांनी सांगू नये. परत मिळालेले पैसे मोजून मुलानेच ते ठरवावे. ३६४ हे उत्तर वहीत आले आणि हातात २३६ रुपये असले, तर उसनवारीचा तास तेथेच होतो.

वहीत नेण्याजोगे प्रसंग सुटीत विपुल असतात. लग्नसराईसाठी एस.टी.ने जाणे हाच एक उत्तम धडा आहे. पूर्ण तिकीट १३० रुपये आहे असे समजू. वडिलांचे पूर्ण. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे असल्याने आईचे ६५. नऊ वर्षांच्या मुलाचे अर्धे तिकीट ६५. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजोबांना पंचाहत्तरीनंतरच्या सवलतीमुळे काही नाही. एकूण २६०. चार माणसांचे भाडे दोन पूर्ण तिकिटांइतके कसे झाले, हे मुलालाच शोधू द्यावे. अर्धा आणि अर्धा मिळून एक होतो, हे पुस्तकात वर्तुळे रंगवून शिकलेले सत्य येथे तिकिटाच्या कागदावर दिसते. पूर्ण भाडे १३५ असते तर निम्मे किती, हा पुढचा प्रश्न. प्रत्यक्ष तिकिटावर किती आकारले आहे हे पाहून मुलाने त्यावर आपले मत बनवावे.

वाळवणाचे दिवस तर गणितासाठीच असावेत असे वाटते. अंगणात लुगड्यावर एका ओळीत १४ याप्रमाणे १२ ओळी पापड घातले. मोजत बसण्याऐवजी गुणाकार करावा : १६८. त्यांतील नऊ मोडले, राहिले १५९. ते चार घरी सारखे द्यावयाचे तर प्रत्येकी ३९ आणि बाकी ३. वर्गात 'बाकी' हा शब्द मुलाला कोरडा वाटतो. येथे ते तीन पापड आहेत आणि ते हिशेब करणाऱ्याने तळून खावेत. पाणीटंचाईच्या गावात दुःखाचे पण खरे गणित रोज दारात येते. लिटरच्या बाटलीने घरचा हंडा मोजावा. तो १५ लिटरचा भरला तर २०० लिटरच्या पिंपात १३ हंडे होतात आणि पाच लिटरची जागा उरते. घरात पाच माणसे असतील तर पिंपभर पाणी माणशी ४० लिटर, आणि टँकर दोन दिवसांनी येणार असेल तर रोज माणशी २०. हे उदाहरण कोणत्याही गाइडातून आणावे लागत नाही.

आपली भाषा आणि वजाबाकी

मराठी संख्यानामे मुलांना जड जातात, ही तक्रार खोटी नाही. छत्तीस ऐकून ६३ लिहिणारी आणि ब्याण्णव ऐकून २९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, कारण आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांसोबत 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती आली तेव्हा राज्यभर वाद माजला. माझ्या मते त्या वादात जितका आवेश होता तितका विचार नव्हता. घरात दोन्ही रीतींनी म्हणावयास हरकत नाही. मूल अडखळले की 'साठ आणि तीन' म्हणावे, आणि लगेच 'त्रेसष्ट'ही म्हणावे. सुटीत कोणी परीक्षा घेत नसल्याने येथे घाईचे कारण नाही.

पण त्याच भाषेत एक धनही दडलेले आहे. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस आणि पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. हे मुलाला एकदा उलगडून दाखविले की तोंडी हिशेबाची किल्ली हाती येते. कांदे ३० रुपये किलो असतील तर पावणेदोन किलोचे किती? दोन किलोचे साठ, त्यातून पाव किलोचे साडेसात गेले, साडेबावन्न. २९ रुपयांच्या सहा वह्यांचे किती? तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा गेले, १७४. पूर्वीची माणसे अशीच हिशेब करीत.

पाढ्यांविषयी हल्ली दोन टोकाची मते ऐकू येतात. पाढे पाठ असावेत याविषयी शंका नसावी. प्रत्येक गुणाकाराला बोटे मोजणाऱ्या मुलाचे लक्ष उदाहरणाच्या अर्थाकडे जाऊच शकत नाही. परंतु 'सात आठे किती?' असे विचारल्यावर जे मूल 'सात एके सात'पासून आरंभ करून आठव्या पायरीवर येते, त्याचा पाढा चालीत पाठ आहे, उपयोगात नाही. म्हणून सुटीत पाढे उलटसुलट विचारावेत. पत्त्यांचा जोड घेऊन दोन पाने उघडावीत आणि जो प्रथम गुणाकार सांगेल त्याने ती उचलावीत. हा खेळ दुपारच्या उन्हात तासभर चालतो. लहानांसाठी मूठभर चिंचोके पुरतात : वीस मोजून घ्यावेत, काही मुठीत लपवावेत, उरलेले दाखवून लपविलेले किती हे विचारावे.

किती आणि कोणी?

दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. एकाच बैठकीत दोन तास करण्यापेक्षा थोडे थोडे रोज केलेले अधिक टिकते, हे स्मरणशक्तीविषयी झालेल्या प्रयोगांतून फार पूर्वीपासून ज्ञात आहे. सुटीच्या गृहपाठाची आपली पद्धत नेमकी याच्या उलट आहे. शे-दोनशे उदाहरणांची यादी मिळते, दीड महिना ती दप्तरात पडून राहते आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दोन दिवसांत थोरल्या बहिणीच्या हस्ताक्षराशी मिळत्याजुळत्या अक्षरात पूर्ण होते. शिक्षकही ती पाहून सही करतात. कोणाचीही यात फसवणूक होत नाही, कारण सर्वांना सर्व माहीत असते.

आपण फार शिकलो नाही म्हणून मुलांचे गणित आपण काय घेणार, असे अनेक माता म्हणतात. बचत गटाची वर्गणी, व्याज, दुधाचा पंधरवड्याचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या बाईने असे म्हणावे हे आश्चर्यच. वर सांगितलेल्या रीतीत आईने तोंडी सांगावयाचे आणि मुलाने लिहावयाचे आहे. कौशल्य दोघांकडेही आहे आणि ते वेगवेगळे आहे. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगावी माता गट स्थापन झाले. ज्या गावी ते टिकून आहेत तेथे मे महिन्यात आठवड्यातून एक दिवस गटाने मुलांच्या वह्या एकत्र पाहाव्यात.

एका वर्गाचा मात्र स्वतंत्र विचार केला पाहिजे. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबांतील जी मुले आई-वडिलांबरोबर जातात, ती दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावी राहण्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरी सर्व मुले तिचा लाभ घेत नाहीत. ती परततात त्या सुमारास शाळा मिटण्याच्या बेतात असते. इतरांना जी सुटी आहे, तो या मुलांचा गावात असण्याचा पहिला सलग काळ असतो. त्यांचा खंड सहा आठवड्यांचा नसून सुटीसह सात-आठ महिन्यांचा होतो. सुटी म्हणून शाळेला कुलूप घातले जाते तेव्हा सर्वाधिक तोटा यांचाच होतो. अशा गावी ग्रामपंचायतीने शाळेची एक खोली किंवा समाजमंदिराची ओसरी सकाळी आठ ते दहा उघडी ठेवावी, बारावी झालेल्या एखाद्या मुला-मुलीस मानधन द्यावे आणि पंखा, पाणी व फळा एवढी व्यवस्था करावी. खर्च फार नाही. आणि या मुलांना वजने, मोळ्या, उचल आणि तिची फेड यांचा तोंडी हिशेब इतरांपेक्षा अधिक येतो, हे शिकविणाऱ्याने आधी जाणून घ्यावे. उचलीचा हिशेब वाचता येणारे मूल पुढे आपल्या वडिलांच्या बाजूने मुकादमापुढे बसू शकते.

अनेक शाळांतून १ मे रोजी निकाल दिले जातात. त्याच दिवशी ग्रामसभाही होते. पालक शाळेत येण्याचा वर्षातील हा हमखास दिवस. निकालपत्रासोबत मुख्याध्यापकांनी छापील गृहपाठाऐवजी एक कोरी वही द्यावी, तिच्या पहिल्या पानावर त्या मुलाची नेमकी कच्ची जागा दोन ओळींत लिहावी ('उसनवारीची वजाबाकी, मध्ये शून्य असताना' किंवा 'भागाकारात बाकी') आणि ग्रामसभेत पाच मिनिटे या विषयास मागावीत. निपुण भारत योजना ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास मूलभूत अंकज्ञान यावे हे तिचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचे आहे. वर्षातील दीड महिना हिशेबाबाहेर ठेवून ते गाठणे कठीण आहे.

सुटी संपता संपता पाऊस येतो, तेव्हा वहीतील शेवटची पाने पर्जन्यमापनास ठेवावीत. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे डबडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी आणि तारखेपुढे लिहावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. घराचे पत्रे ३० चौरस मीटर असतील आणि १० मिलिमीटर पाऊस झाला असेल तर पन्हाळीतून ३०० लिटर पाणी वाहून गेले, म्हणजे मे महिन्यात मोजलेली दीड पिंपे. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी शिक्षकांनी पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून या नोंदी फळ्यावर घ्याव्यात. कोणाच्या डब्यात किती पाऊस पडला यावरून वर्गात भांडण होईल. डबडी झाडाखाली ठेवलेली होती की मोकळ्यावर, हे विचारून ते मिटवावे आणि मग बेरजेस लागावे.